काजूगर आणि चाकाची खुर्ची

मुलांनो, मालवणकडच्या घरात ओल्या काजूची उसळ असली की दोन घास जास्तच जातात, हो ना? याच काजूची आणि एका दीदीची ही गोष्ट.

नसीमा हुरजूक सोळा वर्षांची होईपर्यंत तुमच्यासारखीच धावणारी मुलगी होती. मग आजार आला नि कमरेखालचं अंगच लुळं पडलं. 'आता आपला काय उपयोग?' असं तिला वाटू लागलं. अशात भेटले बाबूकाका दिवाण. तेही चाकाच्या खुर्चीवर; पण स्वतःचा व्यवसाय सांभाळणारे! त्यांना पाहून तिला धीर आला. पाय गेले, पण डोकं नि हात आहेतच की!

नसीमादीदी शिकल्या, नोकरी केली. १९८४ मध्ये कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था सुरू झाली. पुढे आपल्या सिंधुदुर्गात, कुडाळ तालुक्यात, 'स्वप्ननगरी' उभी राहिली. तिथे अपंगांना काम मिळालं ते काजूचं! बी फोडणं, साल सोलणं, गर निवडणं ही सगळी कामं बसून करता येतात.

तुमच्यापैकी कुणी आजारी असेल, तर औषध वेळेवर घ्याच. पण 'सगळं पूर्वीसारखं होईल' एवढीच श्रद्धा धरून बसू नका. जे उरलंय, त्यावरही विश्वास ठेवा.

आणि बाकीच्यांनो, तुमच्या शाळेच्या पायऱ्यांशेजारी खुर्चीसाठी उतार आहे का, ते उद्या पाहा बरं! धीर आतून येतो खरा. पण उतार मात्र दुसऱ्यांनाच बांधावा लागतो.