त्या खोलीत जायचा अर्ज



मागच्या महिन्यात आमच्या वाचनालयात एका फॉर्मवरून भांडण झालं. आमच्या गल्लीतली एक पोरगी आहे, वय 24. आई चार घरची धुणीभांडी करते, बाप अंथरुणाला खिळलेला. राज्यशास्त्र घेऊन बी. ए. झाली, घराण्यात पहिली. तिने एका फेलोशिपचा फॉर्म काढून आणला होता. फेलोशिप कसली? तर 'पब्लिक अफेअर्स'ची. पदवीधर पोरांना वर्षभर पैसे देऊन शिकवतात : कायदा कसा होतो, मसुदा कुठल्या टेबलावर पडून असतो, खासदार, सचिव, मंत्री यांना कधी आणि कसं गाठायचं, कोणता कागद त्यांच्या हातात द्यायचा. कागदावर याला पब्लिक अफेअर्स म्हणतात. साध्या भाषेत लॉबिंग.

मी नुसता मॅट्रिक. गोदीत ठेकेदाराच्या टोळीत काम करतो. असल्या फॉर्मला हात लावायची आपली लायकी नाही, तिथं पदवी लागते. पण मी कविता लिहितो हे पोरीला ठाऊक. म्हणाली, "दादा, निबंध लिहायचाय. जरा बघता का?"

तेवढ्यात दारातून आमचाच एक कार्यकर्ता बोलला, "दलालीचा कोर्स आहे तो. शेठजीचे बूट पुसायचे होते तर पदवी कशाला घेतलीस?"

पोरगी गप्प झाली. फॉर्मची घडी केली, पिशवीत टाकली.

हा लेख त्या कार्यकर्त्याला उत्तर आहे. तो माझा मित्र आहे, मोर्चात माझ्या बाजूला लाठी खाल्लेला आहे. म्हणूनच मागून कुजबुजत नाही, तोंडावर लिहितो.

मित्रा, आधी पोटाचं बोलू. 1970 चा कंत्राटी कामगार कायदा तुला माहीत आहे. ज्या ठेकेदाराकडे 20 माणसं, त्याला परवाना घ्यावा लागायचा. परवाना म्हणजे कुठंतरी नोंद, नोंद म्हणजे कुठंतरी जाब विचारायला जागा. मग या 20 चे 50 झाले. आधी 2014 साली राजस्थानने केले, पुढे आपल्या महाराष्ट्रानेही केले. आणि 2020 च्या सप्टेंबरात संसदेने नव्या कामगार संहितेत सगळ्या देशासाठी 50 लिहून टाकले. त्याच संहितेत गोदी कामगारांच्या सुरक्षेचा 1986 चा कायदाही मुरवला गेला. दुसऱ्या संहितेत कारखाना बंद करायला, माणसं काढायला सरकारची परवानगी लागायची ती मर्यादा 100 वरून 300 वर गेली. विरोधी बाकं रिकामी असताना राज्यसभेने हे मंजूर केलं. 21 नोव्हेंबर 2025 पासून या संहिता लागू झाल्या.

20 चे 50. दोनच आकडे. आमच्या टोळीत 48 माणसं आहेत. मोजून बघ. आमचा ठेकेदार काही शाळेत गणितात पहिला नव्हता, पण हे गणित त्याला आमच्या आधी समजलं.

आता सांग, हा आकडा कुणी बदलला? तो आभाळातून पडला नाही. मालकांच्या संघटना वर्षानुवर्षं उघड मागत होत्या की कामगार कायदे सैल करा. त्यांची माणसं टिपणं लिहीत होती, समित्यांपुढं जात होती, मंत्रालयात बसत होती. कामगार संघटनाही विरोधाला उभ्या होत्या. 8 जानेवारी 2020 ला देशभर संप झाला. 26 नोव्हेंबर 2020 ला पुन्हा झाला. पण बघ, कायदा सप्टेंबरात मंजूर आणि दुसरा संप नोव्हेंबरात. खोलीत आकडा लिहिला गेला तेव्हा आपण रस्त्यावर होतो. रस्ता सोडायचा नाही, हे माझंही मत आहे. पण खोलीत आपलं कोण होतं?

तू म्हणशील, ते शेठचं काम, आपलं नव्हे. झूट आहे. या मुंबईत बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्स 1836 साली निघालं. गिरणी मालकांची संघटना 1875 साली निघाली, कारखान्यांवर सरकारी कायदा येणार म्हणून ते एकवटले. पण त्याच मुंबईत 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांच्या सभा घेत होते आणि 5,500 कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारच्या कमिशनपुढं ठेवत होते. सह्या, निवेदनं, सभा, पुन्हा सह्या, असं करत 1890 साली गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. आज तू रविवारी उशिरापर्यंत लोळतोस ना? ती लोळण लॉबिंगची कमाई आहे.

आणि बाबासाहेब? 1919 च्या जानेवारीत साउथबरो समितीपुढं साक्ष द्यायला गेले. कशाला गेले? आमच्या मताधिकाराचा मसुदा दुसरा कुणी लिहून ठेवेल म्हणून गेले. 1942 साली व्हाइसरॉयच्या मंडळात बसून त्यांनी व्हाइसरॉयच्याच हातात आपल्या लोकांच्या तक्रारींचं लांबलचक निवेदन ठेवलं. शिक्षणाचा पैसा मागितला, नोकऱ्या मागितल्या. 1944 पासून अनुसूचित जातींच्या पोरांसाठी मॅट्रिकच्या पुढची शिष्यवृत्ती सुरू झाली. आमच्या पोरीची बी. ए. त्याच शिष्यवृत्तीवर झाली. म्हणजे दारातून तू जिला टोमणा मारलास, ती तिथवर पोचली ती एका माणसाने योग्य टेबलावर योग्य कागद ठेवला म्हणून.

1938 विसरू नकोस. औद्योगिक कलहाचा काळा कायदा आला तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाची माणसं कायदेमंडळात त्याच्याविरुद्ध बोलत होती आणि 7 नोव्हेंबरला मुंबईचे कामगार रस्त्यावर होते. आत भाषण, बाहेर संप. कायदा तरीही झाला, हे लपवत नाही. पण आत बाबासाहेबांनी संपाचा हक्क मांडला तो छापील कागदावर राहिला. आजही वकील तो काढून दाखवतात. नुसती घोषणा दिली असती तर ती वाऱ्यावर गेली असती.

दलाल आणि वकिली करणारा यांतला फरक मलाही कळतो. दलाल कुणासाठी बोलतो ते लपवतो. अमेरिकेत 1995 चा कायदा आहे. लॉबिंग करणाऱ्याने नाव नोंदवायचं, कुणासाठी करतो, किती पैसा घेतला ते लिहून द्यायचं. त्या कागदांवरूनच 2012 च्या डिसेंबरात आपल्या संसदेत गोंधळ उडाला. वॉलमार्टने काही वर्षांत अडीच कोटी डॉलरच्या आसपास लॉबिंगवर घातले होते आणि विषयांच्या यादीत भारताची बाजारपेठही होती. हे आपल्याला कळलं ते तिकडच्या कायद्याने. आपल्याकडं अशी नोंद करायला लावणारा कायदाच नाही. 2013 साली एका खासदाराने खासगी विधेयक आणलं, ते तसंच बारगळलं. म्हणजे इथं खोलीत कोण बसलंय, कुणाचा पैसा खाऊन बसलंय, ते तुला मला कळायची सोय नाही. मग बाहेर उभं राहून ओरडणं पुरे होईल का? आत आपलं माणूस पाहिजे, ज्याला कोण आलं कोण गेलं हे दिसेल.

दारं आहेत, पण अरुंद आहेत. खासदाराच्या हाताखाली बसून संसदेचं काम शिकवणारी लॅम्प फेलोशिप 2010 पासून आहे. पदवी पाहिजे, वय 25 च्या पुढं नको. राज्याची मुख्यमंत्री फेलोशिप 2015 साली निघाली. तिला वय 21 ते 26 आणि पदवीला 60 टक्के. कागदावर कुठंही जात लिहिलेली नाही. गरज काय? बाप आजारी पडला म्हणून पोर दोन वर्षं कॉलेज सोडून कुरिअरच्या पिशव्या वाहतं, तेव्हा 25 ची रेघ ते घरी बसूनच ओलांडतं. पहाटे चारला पाणी भरून, संध्याकाळी शिकवण्या घेऊन 57 टक्के मिळवणारी पोरगी 60 च्या आत अडकते. मग विंग्रजी निबंध. मग मुलाखत. मग दिल्लीत खोलीचं डिपॉझिट. चाळणी सोन्याची असली तरी भोकं कुणाच्या मापाची आहेत ते बघा.

आता त्या फॉर्मकडं येतो. प्रश्न होता : तुम्ही समाजात बदल घडवून आणल्याचा एक प्रसंग 500 शब्दांत लिहा. पोरीने पेन्सिलीने लिहिलं होतं, "माझ्याकडे असा अनुभव नाही."

मी म्हटलं, "आपल्या संडासात दिवा कुणी लावला?"

म्हणाली, "मी कुठं लावला? पालिकेने लावला."

"आणि पालिकेने का लावला?"

मग हळूहळू निघालं. वस्तीच्या सार्वजनिक संडासात दिवा नव्हता. बायका रात्री जायला घाबरायच्या. हिने 63 बायकांच्या सह्या घेतल्या. अकरा फेऱ्या मारल्या. कारकुनाने सांगितलं साहेब नाहीत, साहेबाने सांगितलं हे माझ्याकडं नाही, तिसऱ्याने सांगितलं बजेट नाही. हिने माहिती अधिकारात अर्ज टाकला, बजेट निघालं. नगरसेवकाला निवडणुकीच्या आधी बरोबर दोन महिने गाठलं. दिवा लागला.

मी म्हटलं, "पोरी, हेच ते. ज्याला हे लोक वर्षभर शिकवणार आहेत ते तू पायात तुटकी चप्पल घालून केलंयस. लिही. अकरा फेऱ्यांतल्या प्रत्येक फेरीचं लिही. कोण काय बोललं, तू काय उत्तर दिलंस, कुठला कागद चालला, कुठला नाही चालला. गरिबीची करुण कहाणी लिहू नकोस. दया मागू नकोस. काम सांग."

तिने लिहिलं. विंग्रजी एका मास्तरने तपासलं. शेवटच्या रात्री सायबर कॅफेत बसून अर्ज गेला. निकाल अजून यायचा आहे.

मित्रा, तुझी भीती खोटी नाही. खोली माणसाला बदलते. फोटोत एक आपला चेहरा पाहिजे म्हणूनही ते घेतील. उद्या कुठल्या कंपनीने जाडा पगार दिला आणि तिने 50 चे 100 करायचं टिपण लिहिलं, तर मी स्वतः हिच्या दारात जाऊन जाब विचारीन. पण ती भीती म्हणून पोरीला दारातच मारायचं? आपल्या पोराने गोदीत गोण्या वाहिल्या तर तो श्रमिक आणि टेबलाशी बसला तर दलाल, हा कुठला न्याय? हे तर मनूचंच म्हणणं झालं, फक्त आपल्या तोंडून.

म्हणून तीन गोष्टी सांगतो.

फेलोशिपवाल्यांना : सरकारी परीक्षांत आपल्याला वयाची 5 वर्षं सवलत मिळते, तशी द्या. निबंध मराठीत घ्या. पहिल्या महिन्याचे पैसे आधी द्या, दिल्लीचा घरमालक महिना संपायची वाट बघत नाही.

पोरीला आणि तिच्यासारख्या सगळ्यांना : निवड झाली तर जा. पण जे कागद तिथं बघशील ते गल्लीत आणून मराठीत समजावून सांग. तुला वर उचलणाऱ्या 63 सह्या आहेत, विसरू नकोस.

चळवळीला, म्हणजे तुला आणि मला : 2014 पासून सरकारचंच धोरण आहे की विधेयकाचा मसुदा 30 दिवस लोकांपुढं ठेवावा. किती वेळा आपण एक ओळ तरी लिहून पाठवली? 2020 साली पर्यावरणाचा मसुदा लोकांच्या भाषांत द्या असं दिल्ली हायकोर्टाने सांगितलं, तर केंद्र सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं. आपल्याला कळू नये यासाठी ते एवढी धडपड करतात, आणि आपण कळून घ्यायला रविवारचे दोन तास देत नाही. प्रत्येक वाचनालयात एक टेबल ठेवा. मसुदा वाचा, मराठीत करा, हरकत लिहा, सह्या घ्या, पाठवा. आणि ऐकलं नाही तर मग मोर्चा आहेच.

पुढच्या रविवारी आमच्या वाचनालयात संध्याकाळी 6 ला फॉर्म भरायला बसणार आहोत. पदवी असलेल्यांनी फॉर्म घेऊन यावं. नसलेल्यांनीही यावं, मीही तसलाच आहे. आणि मित्रा, तू दारात उभा राहू नकोस. आत ये, खुर्ची आहे.

जय भीम.