मासा संकट घेऊन जातो म्हणे!

घरातल्या काचेच्या टाकीतला मासा मेला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते : "जाऊ द्या हो, घरावर काही संकट यायचे होते, ते अंगावर घेऊन गेला बिचारा!" हे म्हणणारी माणसे वाईट नसतात. बहुधा ती चहा पीत असतात आणि यजमानाचे सांत्वन करावे एवढाच त्यांचा हेतू असतो. तरीही याच्याइतके सोयीचे आणि आपमतलबी वाक्य मराठी घरांतून दुसरे बोलले जात असेल असे मला वाटत नाही. ऐन दिवाळीत, वाचकांच्या हातात चकली असताना भांडण उकरून काढणे बरे नव्हे, हे मला कळते. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी जे घडले, त्यानंतर गप्प बसणे मला जमायचे नाही.

आमच्या चिरंजिवांनी ठाण्याला नवी जागा घेतली, तेव्हा वास्तूचे जाणकार म्हणवणाऱ्या एका गृहस्थांनी ईशान्य कोपऱ्यात माशांची टाकी ठेवायला सांगितले. गोड्या पाण्यातले मासे सगळ्यांकडेच असतात, म्हणून चिरंजिवांनी समुद्रच घरात आणला : दोनशे लिटर खारे पाणी, खडक, पंप, निळा दिवा. टाकी चार-सहा आठवडे नुसती चालू ठेवून मुरू द्यावी आणि मग जीव सोडावा, असा या विद्येतला पहिला धडा आहे. आम्ही आठ दिवस थांबलो. नवव्या दिवशी पिशवीतून वाम आली.

कोळणीच्या पाटीतली वाम नव्हे. तिची दूरची बहीण म्हणा. हिंदी आणि पॅसिफिक महासागरांतल्या प्रवाळांच्या कपारींत राहणारी, हातभर लांब, पांढऱ्या अंगावर काळ्या नक्षीचे ठिपके आणि त्यांत हळदीचे शिंतोडे. इंग्रजीत हिला 'स्नोफ्लेक ईल' म्हणतात. हिचे खाणे खेकडे आणि कोळंबी. आमचे घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी, आणि महिना चातुर्मासाचा! तरी आमच्या सौ.ने फ्रीजचा एक कप्पा निमूटपणे सोडून दिला, आणि मी आयुष्यात प्रथमच मासळीबाजारात उभा राहून कोळंबीचा भाव केला. किती फसलो ते विचारू नका.

पाहुण्यांना वाम फार आवडे. ती सतत तोंड उघडते-मिटते, त्यामुळे मुले म्हणत, "बघा, रागावली!" ती रागावलेली नसते, तिचे श्वास घेणेच तसे असते. तिच्या घशात जबड्यांची आणखी एक जोडी असते आणि भक्ष्य पकडल्यावर हे आतले जबडे पुढे येऊन ते गिळायला ओढून नेतात, हे २००७ साली कॅलिफोर्नियातल्या दोन संशोधकांनी दाखवून दिले. आमच्या दिवाणखान्यात मात्र या एवढ्या नवलाच्या प्राण्याचे काम एकच, कोपरा शुभ करणे.

तिसऱ्या आठवड्यात तिने खाणे सोडले. नुसते खाणे सोडणे हे काही दुखणे नव्हे; धडधाकट वामसुद्धा दोन-तीन आठवडे सहज उपाशी राहते. पण ही आपली नळी सोडून उघड्या वाळूवर पडून राहू लागली. श्वास भराभर चालू लागला आणि अंगावर दुधाच्या सायीसारखे काहीतरी आले. दुकानदाराने न बघताच फोनवरून औषध सांगितले आणि संध्याकाळी बाटली पाठवलीही. तिच्यात तांबे होते. तांब्याच्या लोट्यातले पाणी आपल्याला पथ्यकर मानतात, पण वामेच्या अंगावर खवले नसतात आणि हे औषध तिला मुळीच सोसत नाही. मुकाट्याने ओतले असते तर दुखणे आणि रोगी दोन्ही एकदमच संपले असते. त्याच दिवशी आमचे मेहुणे आले, टाकीपुढे उभे राहिले आणि ते वाक्य बोलले. वर म्हणाले, "गेली तर दुसरी आणा." आणि वाचकहो, मी मान डोलावली! मलाही बरे वाटले. हीच तर त्या वाक्याची जादू आहे.

जादू मोडली ती आठवीतल्या नातीने. तिने पाणी तपासायची पेटी आणवली. काचेच्या नळीत टाकीतले पाणी घ्यायचे, थेंब टाकायचे, पिवळे राहिले तर ठीक. ते हिरवेगार झाले. म्हणजे अमोनिया. माशाची विष्ठा आणि उरलेले खाणे यांतून तो तयार होतो, आणि पाणी गाळण्याच्या स्पंजावर राहणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग पुष्कळसे निरुपद्रवी नायट्रेट करतात. या जिवाणूंना प्राणवायू लागतो, म्हणजे पाणी अहोरात्र वाहते लागते. ते मेले की अमोनिया साठतो आणि माशाचे कल्ले भाजून निघतात. नातीने हे सगळे वाचून दाखवले आणि सरळ विचारले, "आजोबा, रात्री मोटर कोण बंद करतं?"

मी करीत होतो. माझा पलंग टाकीशेजारच्या भिंतीला लागून. मोटरीच्या घरघरीने झोप येत नाही, म्हणून रात्री दहाला बटण खाली आणि पहाटे सहाला वर. कोणाला सांगितले नव्हते. विजेचे बिल वाचते, अशी स्वतःची समजूतही घातली होती. खडकामागे कोळंबीचे एक डोके सडत पडले होते, तेही माझ्याच हातचे.

तेव्हा घरावरचे संकट कोणते, हे आमच्या पुरते स्पष्ट झाले. ते पासष्ट वर्षांचे होते, पायजमा घालून रात्री दहा वाजता बटणाशी येत होते.

"श्रद्धा आहे एखाद्याची, तुमचे काय जाते?" असे मला सांगण्यात येते. माझे काही जात नाही, वामेचा जीव जातो. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की चौकशीच बंद होते. संकट ग्रहांनी पाठवले आणि माशाने झेलले, असे एकदा ठरले की पाणी कोण तपासणार? आजोबांना मोटरीबद्दल कोण विचारणार? खुनाच्या जागेवर रांगोळी काढून दिवा लावण्यासारखेच हे! मेलेल्या मुक्या जीवाला वर पुण्यही बहाल करायचे, म्हणजे त्याची तक्रार उरत नाही. मेहुण्यांच्या वाड्यात सहा वर्षांत अकरा मासे अशी संकटे घेऊन गेले. एका घरावर इतकी संकटे येत असतील तर त्यांनी माशांऐवजी घर बदलावे.

आणि दुसरी आणायची ती कोठून? दुकानातली ही वाम कोणी पैदा केलेली नसते. हिची पिल्ले पारदर्शक पानासारखी असतात आणि उघड्या समुद्रात दीर्घकाळ तरंगत वाढतात; ती टाकीत वाढवून विकण्याचा धंदा कोणाला साधलेला नाही. म्हणजे प्रत्येक 'दुसरी' कुठल्यातरी प्रवाळातून उपसून, पिशवीत घालून, समुद्र ओलांडून येते. नीट सांभाळली तर ती दहा वर्षांहून अधिक जगते. आपण तिला तीन आठवड्यांत ईशान्य कोपऱ्यात संपवतो आणि वर तिचे आभार मानतो.

औषधाची बाटली परत गेली. त्यानंतर रोज पन्नास लिटर पाणी बदलणे हा एकच उपचार झाला. लिटरला पस्तीस ग्रॅम म्हणजे पावणेदोन किलो मीठ, तेही स्वयंपाकातले नव्हे, समुद्री टाकीसाठी मिळणारे. आदल्या संध्याकाळी शुद्ध केलेल्या पाण्यात कालवून ते रात्रभर ढवळत ठेवायचे, सकाळी ऊन-गारवा आणि खारटपणा टाकीशी जुळवून मग हळूहळू ओतायचे. बादल्या मी उचलल्या. कंबर धरली तेव्हा सौ. म्हणाली, "उचला, उचला." वाम नळीत परतली चौथ्या दिवशी, पण तोंडाला काही लावीना. चिमट्यात धरलेली कोळंबी मी रोज तिच्यापुढे नेई आणि पाच मिनिटांनी बाहेर काढून टाकून देई. बाविसाव्या दिवशी तिने ती चिमट्यासकट ओढली.

मेहुणे परवा फराळाला येऊन गेले. टाकीकडे बघून म्हणाले, "टळलं म्हणायचं संकट!" मी त्यांच्या हातात रिकामी बादली दिली, त्यांनी ती खाली ठेवली आणि अनारसा उचलला.

मोटर आता रात्रंदिवस चालू असते. मी पलंग स्वयंपाकघराच्या भिंतीला नेला आहे. तिथे फ्रीज घरघरतो.