हमरस्ता सोडल्यावर

उपनगरात राहणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी आता चारचाकी आली आहे. आठवडाभर ती सोसायटीच्या आवारात कव्हर पांघरून झोपलेली असते आणि रविवारी ‘जाऊ या कुठेतरी’ अशी टूम निघाली, की ठरलेली दोन-चार नावं पुढे येतात. लोणावळा, अलिबाग, नाही तर महामार्गावरचं एखादं रिसॉर्ट. निघायला उशीर, टोलनाक्यावर रांग, घाटात खोळंबा आणि परतताना पुन्हा तोच खोळंबा. दिवसभरात पाहिलं काय, तर पुढच्या ट्रकची पाठ! रात्री कुकर लावताना वाटतं, यापेक्षा घरीच बरी होते.

बारकाईनं पाहिलं तर आपण ‘कुठे जायचं’ एवढंच ठरवत असतो. ‘कुठल्या रस्त्यानं जायचं’ याचा विचार कुणी करत नाही. आता समृद्धी महामार्गच घ्या. ५ जून २०२५ ला त्याचा शेवटचा टप्पा भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत सुरू झाला आणि नागपूरपर्यंतचा ७०१ कि.मी.चा रस्ता पुरा झाला. लांब जायचं असेल त्याची मोठी सोय झाली हे खरं. पण अशा रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना कुंपण. गाव नाही, झाड नाही, थांबायची सोय नाही. लवकर पोचायला ते उत्तम. पण रविवारी आपल्याला पोचायची घाई कुठे असते? रविवारचा रस्ता वेगळा, आणि तो आपल्या घरापासून दीड-दोन तासांवर आहे.

रस्ता ओळखावा कसा?

रस्त्याकडेच्या कि.मी.च्या दगडाचा माथा पाहायची सवय लावून घ्या. माथा पिवळा असला तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असला तर राज्य महामार्ग, काळा किंवा निळा असला तर जिल्हा मार्ग आणि केशरी असला तर गावचा रस्ता. मुलांना हा खेळ शिकवून ठेवा. मागच्या सीटवरची निम्मी भांडणं मिटतात. आपल्याला हवे असतात ते हिरव्या आणि काळ्या माथ्याचे रस्ते. केशरी माथ्याच्या रस्त्यांचं म्हणाल तर, २५ डिसेंबर २००० ला प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली आणि पूर्वी जिथे बैलगाडीच जायची अशा कितीतरी वाड्यांपर्यंत डांबर पोचलं. पण हे रस्ते अरुंद असतात आणि पुष्कळदा गावात जाऊन संपतात. हात बसला की मग त्यांच्याकडे वळावं.

दुसरी कसोटी आपल्या लाल गाडीची. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर अशी पहिली एस.टी. धावली, तेव्हापासून खेड्यापाड्यांतले रस्ते एस.टी.च्या ड्रायव्हरइतके कुणालाच ठाऊक नाहीत. ज्या रस्त्यानं एस.टी. जाते त्या रस्त्यानं आपली छोटी गाडी बहुतेक जातेच. फोनमधला नकाशा जवळची वाट दाखवतो खरा, पण ती वाट म्हणजे कुणाच्या शेताचा बांधही असू शकतो. फाट्यावर चहाच्या टपरीपाशी थांबून ‘दादा, पुढे एस.टी. जाते का?’ असं विचारावं. ‘जाते की’ म्हणाले तर निघावं. ‘आता बंद आहे’ म्हणाले तर का बंद आहे तेही विचारावं. पूल खचल्याची बातमी फोनच्या आधी टपरीवर कळते.

मुलुंड-घाटकोपरकरांसाठी

कल्याणपर्यंतची गर्दी सोसावीच लागते. एकदा शहाडचा पूल ओलांडला आणि रायत्याला उल्हास नदी मागे पडली, की मुरबाडच्या रस्त्यावर डोळे जरा निवतात. पुढे हाच रस्ता माळशेज घाटाकडे जातो. डावी-उजवीकडे भातखाचरं आणि समोर सह्याद्रीची उभी भिंत.

या रस्त्याची एक गंमत फार थोड्यांना माहीत असते. पूर्वी कल्याण मोठं बंदर होतं. तिथे उतरलेला माल बैलांच्या पाठीवर घालून याच दिशेनं नाणेघाटापर्यंत यायचा आणि घाट चढून जुन्नरला जायचा. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण अजून आहे. तिथल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिच्या नावाशी जोडलेला ब्राह्मी लिपीतला लेख कोरलेला आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापारी वाटेवर एका बाईचा लेख! वैशाखरे गावाजवळून घाटाची पायवाट चढते. आपल्याला चढायचं नसलं तरी रस्त्यावरून ‘नानाचा अंगठा’ हा सुळका मुलांना दाखवता येतो. इतिहासाच्या पुस्तकातलं पान असं खिडकीतून दिसलं की ते जन्मात विसरलं जात नाही.

माळशेजपर्यंत जायचं नसेल तर मुरबाडच्या पुढे सरळगावला डावीकडे वळावं. किन्हवलीवरून हा रस्ता शहापूरला निघतो. गाड्या तुरळक, वळणं बेताची, मधूनमधून ओढे. शहापूरजवळ आसनगावचा माहुली किल्ला आपल्या सुळक्यांसकट दिसू लागतो. तिथून नाशिक महामार्ग धरून घरी. गेल्या वाटेनं परतायचं नाही, हा या फेरीतला मोठा फायदा. दुसरी अशीच फेरी पनवेलच्या जुन्या रस्त्यानं चौक, कर्जत, कशेळे, म्हसा करत मुरबाडला येते. म्हशाची जनावरांची जत्रा पौष पौर्णिमेला सुरू होते. त्या दिवसांत गाडी घेऊन तिकडून जायचा बेत मात्र करू नये. बैल आणि माणसं यांतून वाट मिळणार नाही. जत्राच पाहायची असेल तर गोष्ट वेगळी.

अंधेरी-बोरिवलीकरांसाठी

दहिसर नाका सोडून वरसाव्याला खाडी ओलांडली, की महामार्गावर शिरसाड फाटा लागतो. उजवीकडे वळलं की तुंगारेश्वराच्या डोंगराच्या कडेनं रस्ता वज्रेश्वरीला जातो. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्या मोहिमेत बोललेल्या नवसाचं हे देऊळ, म्हणून ते किल्ल्यासारखं भक्कम. जवळच तानसा नदीकाठी अकलोली आणि गणेशपुरीला गरम पाण्याची कुंडं आहेत. सासूबाईंच्या गुडघ्यांना शेक आणि देवदर्शन दोन्ही एका फेरीत होतं, त्यामुळे घरातून परवानगी मिळायला अडचण येत नाही!

जास्त वेळ असेल तर महामार्गानं मनोरपर्यंत जाऊन विक्रमगडवरून जव्हार गाठावं. जव्हार हे पूर्वी मुकणे घराण्याचं संस्थान. राजवाडा आहे, उंचावरची हवा आहे आणि वारली पाड्यांतून जाणारा वळणांचा रस्ता आहे. जायचं-यायचं अंतर एका दिवसाला थोडं जास्त होतं, तेव्हा सकाळी सहाला निघावं. भिवंडी-वाडा रस्त्यावर मात्र अवजड गाड्यांची सतत ये-जा असते. मौजेसाठी तो रस्ता धरू नये.

डावीकडची सीट सोडा

आता जरा मनातलं. आपल्यापैकी कितीजणींकडे गाडीचं लायसन्स आहे? पुष्कळ हात वर होतील. आणि रविवारी गाडी कोण चालवतं? इथे हात खाली येतात. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतून शिकलो, परीक्षा पास झालो, लायसन्स कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवलं आणि डावीकडच्या सीटवर बसून संत्री सोलायला लागलो. का, तर उपनगरातल्या रहदारीत मागून हॉर्न वाजले की हात कापतात आणि महामार्गावर हे म्हणतात, ‘इथे नको गं, पुढे बघू.’ ते ‘पुढे’ काही येत नाही.

ते ‘पुढे’ म्हणजेच मुरबाडच्या पलीकडचा रस्ता. महामार्ग त्यांनी चालवावा आणि फाट्यावर चहा झाला की जागा बदलाव्या. हे आधी घरीच ठरवून घ्यावं. ऐन वेळी वाद घालू नये. गावच्या रस्त्यावर मागून कुणी ढकलत नाही, चाळिसाच्या वेगाला कुणी हसत नाही, गाडी बंद पडली तर पुन्हा सुरू करायला वेळ मिळतो. पहिल्या दिवशी दहा कि.मी. पुरे. शेजारी बसणाऱ्यांना एकच विनंती करावी, की ‘अगं ब्रेक! अगं क्लच!’ हा घोष नको. फार तर संत्री सोलायला द्यावीत.

आमच्या शेजारच्या वहिनींनी एका दिवाळीनंतर असं सुरू केलं आणि होळीपर्यंत त्या आईला दवाखान्यात स्वतः नेऊ लागल्या. रात्री-अपरात्री घरात कुणी आजारी पडलं आणि घरचे पुरुष फिरतीवर असले, तर खाली उभ्या असलेल्या गाडीचा आपल्याला काय उपयोग? हा सराव मौजेचा आहे तसाच गरजेचाही आहे.

चालवताना एवढं लक्षात ठेवा. चढावर ज्या गिअरला गाडी चढते, साधारण त्याच गिअरला उतारावरून उतरवावी. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये. सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्या गाडीनं वाट द्यायची, हा नियमच आहे. आंधळ्या वळणाआधी हॉर्न वाजवावा, पण म्हशींच्या मागे वाजवू नये. त्या बिथरतात किंवा ढिम्म हलत नाहीत. एक शेळी आडवी गेली तर थांबावं, मागून कळप येतोच. कोंबडीचा भरवसा धरू नये, ती अर्ध्यातून परत फिरते. आणि चेंडू रस्त्यावर आला तर पाठोपाठ पोर येणार, हे समजून पाय ब्रेकवर न्यावा.

रस्ता कुणाचं तरी अंगण

गावच्या रस्त्याच्या कडेला घरं असतात आणि घरची कामं रस्त्यापर्यंत आलेली असतात. कुणी भात वाळत घातलेलं असतं, कुणी मोळी घेऊन येत असतं, शाळेची मुलं चालत असतात. भातावरून चाक नेऊ नये, चिखलाचं पाणी कुणाच्या अंगावर उडवू नये, गाणी मोठ्यानं लावू नयेत. उन्हाळ्यात आदिवासी बाया पानांच्या द्रोणात करवंदं-जांभळं घेऊन बसतात. त्या पहाटे रानात जाऊन, काटे खाऊन ती वेचून आणतात. मॉलमध्ये आपण किंमत विचारत नाही. इथेही घासाघीस करू नये. सुटे पैसे जवळ ठेवावेत.

केव्हा जावं, काय न्यावं

सर्वांत चांगला काळ दसऱ्यानंतरचा. पाऊस गेलेला, भात पिवळं झालेलं, रस्त्यांची डागडुजी झालेली. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पांगारा आणि पळस फुलतो. पावसाळ्यात हिरवाई असते, पण दरडी आणि खड्डेही असतात; धबधब्यांच्या ठिकाणी प्रशासन बंदीचे आदेश काढतं, ते आधी पाहावेत. पुलावरून पाणी वाहत असेल तर ते घोटाभर दिसलं तरी गाडी घालू नये. खालचा रस्ता वाहून गेलाय की आहे, हे वरून कळत नाही. माघारी वळण्यात कमीपणा नाही.

आदल्या रात्री चाकांची हवा पाहावी, स्टेपनीचीही. पेट्रोल तालुक्याच्या गावी भरून घ्यावं. आपल्या सर्वांत मोठ्या अडचणीबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. स्वच्छतागृह पेट्रोल पंपावर असतं, तालुक्याच्या एस.टी. स्थानकातही असतं, ‘नंतर बघू’ म्हणून पाणी कमी पिऊ नये. ज्या मुलांना गाडी लागते त्यांना उपाशी नेऊ नये आणि तेलकटही देऊ नये. हलकी न्याहारी, तोंडात आवळासुपारी आणि नजर समोरच्या रस्त्यावर, एवढ्यानं पुष्कळ फरक पडतो; फोन मात्र हातात देऊ नये. डब्यात दशम्या, लसणाची चटणी आणि दही घालून कालवलेला भात. एक रिकामी पिशवी कचऱ्यासाठी. ती भरून घरी आणायची. अंधार पडायच्या आत हमरस्त्याला लागावं. गावच्या रस्त्यांवर दिवे नसतात आणि गुरं बसलेली असतात.

शेवटी एक छोटी सूचना. गाडीत एक वही ठेवा. कुठल्या फाट्याला वळलो, किती कि.मी. झाले, चहा कुठे चांगला मिळाला, स्वच्छतागृह कुठे बरं होतं, आणि आज कुठून कुठपर्यंत गाडी आपण स्वतः चालवली, ते त्याच दिवशी लिहून ठेवायचं. मुलांना नकाशा काढायला लावायचा. चार-सहा रविवारांत तुमच्याकडे तुमच्या उपनगराभोवतीच्या रस्त्यांची चांगली माहिती जमेल आणि शेवटच्या रकान्यातला आकडाही वाढलेला दिसेल. मग ती वही शेजारणीला वाचायला द्या.