मांगं कोन लागलं?

चाळिशी आली की माणसाला चष्मा लागतो, असं आमच्या लहानपणी समजत. हल्ली धावायचं वेड लागतं. आमच्या शाखेत ते आधी कर्ज विभागात शिरलं, तिथून कॅश काउंटरवर आलं. मार्चअखेरची धावपळ वर्षाला पुरेल इतकी असते असं मला वाटे. पण यंदा ती संपते न संपते तोच कऱ्हांडल्याच्या जंगलातून २१ किलोमीटर धावायचा बेत शिजला. नियोजन माझ्याकडे आलं. वाणिज्य पदवीधराला कोणी धावायला सांगत नाही, तक्ता करायला सांगतात.

तक्ता मी केला. वेळ पहाटे पाचची, कारण एप्रिलात उमरेडचं ऊन नऊ वाजताच माणसाचा पापड करतं. चढ तर हवाच! साताऱ्यात २०१२ पासून यवतेश्वराच्या घाटातून हिल मॅरेथॉन होते, आपण काय कमी? उमरेडला चटकन नजरेत भरणारे डोंगर म्हणजे कोळसा खाणीनं उपसलेल्या मातीचे. पण ते ‘निसर्गात’ बसत नाहीत म्हणून सर्वानुमते बाद झाले. केळी, पाण्याच्या बाटल्या, ग्लुकोज, पदकं, सगळे रकाने भरले. एकच रिकामा राहिला. परवानगीचा.

तेव्हा कायदा उघडला. उमरेड-पवनी-कऱ्हांडला हे २०१२ पासून अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातलं २८ वं कलम आत जाण्याचा परवाना कोणकोणत्या कामासाठी मिळतो ते सांगतं : वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्या माणसाशी कायदेशीर व्यवहार. म्हणजे थकलेल्या कर्जाच्या वसुलीला एक वेळ जाता येईल, पण पोट कमी करायला नाही!

आमचे तरुण अधिकारी म्हणाले, “धावणं हेही पर्यटनच नाही का?”

साहेब, हा प्रश्न वाघाला विचारा. मांजराच्या जातीच्या प्राण्यासमोरून पळू नये, हे जंगलातला कोणताही वनरक्षक सांगेल. पळणारं दिसलं की पाठलाग करायचा, हे त्याच्या रक्तातच आहे. पहाट आणि संध्याकाळ ही त्याची कामकाजाची वेळ. आम्ही नेमकी काउंटर उघडतानाची गाठली होती.

दुसरा युक्तिवाद असा की, जिप्सी गाड्या चालतात, मग आमचे दोन पायच जड झाले का? आता गाड्यांची बाजू मी घेणार नाही. ३१ डिसेंबर २०२४ ला याच अभयारण्यात, गोठणगावच्या बाजूला, एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट गाड्यांनी अडवली, तेव्हा नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. पण एकाच्या आगाऊपणानं दुसऱ्याला परवाना मिळत नाही. शेजाऱ्याचा चेक वटला नाही, म्हणून आपणही खोटा द्यायचा असं कुठे असतं?

तरी आमची मंडळी हटेनात. त्यांना ‘आव्हान’ हवं होतं. ही चर्चा काउंटरवर चालली असताना जंगलाला लागून असलेल्या गावच्या एक बाई पैसे काढायला उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि काळजीनं विचारलं, “काऊन जी भाऊ, मांगं कोन लागलं होतं?”

कोणी लागलं नाही, आम्ही हौसेनं धावणार आहोत, असं सांगताना माझी जीभ अडखळली. त्या मोहफुलांच्या दिवसांत रोज पहाटे रानाकडे जातात. म्हणाल्या, “आमी चार जनी मिळून जातो. तिघी येचतात, एक उभी राह्यते पायत.” वेचायला वाकलेलं माणूस वाघाला चार पायांचं जनावर वाटू शकतं, म्हणून चौथीनं उभं राहायचं. हे नियोजन! माझ्या तक्त्यात ग्लुकोजला रकाना होता. उभं राहून पाहणारीला नव्हता.

मे २०२५ मध्ये शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात, तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्या आव्हान शोधायला गेल्या नव्हत्या. घरात पावसाळ्याआधी चार पैसे यावेत म्हणून गेल्या होत्या. ज्या वाटेवर कोणी पोटासाठी जीव मुठीत धरून चालतं, तिथे आपण पोट उतरवायला रंगीत बूट घालून जायचं आणि परत आल्यावर गळ्यात पदक घालून फोटो काढायचा, याला मी धाडस म्हणायला तयार नाही. आणि उद्या आमच्यातला एखादा खरोखरच वाघानं धरला, तर लोक वाघालाच ‘नरभक्षक’ ठरवतील, त्याला पिंजऱ्यात घाला म्हणून ओरड होईल. चूक आमची, शिक्षा त्याला!

धावायला माझा विरोध नाही. गावात मैदान आहे, रस्ते आहेत, नाहीच जमलं तर आमच्या बँकेचा जिना आहे. जंगलाला आपल्या व्यायामाची गरज नाही, एवढंच माझं म्हणणं.

बेत रद्द झाला. मंडळी हल्ली मैदानावर धावतात आणि माझ्यावर रागावतात. परवा त्या बाई पुन्हा आल्या होत्या. पासबुक देताना हळूच म्हणाल्या, “गेले नाही ना जी भाऊ?”

“नाही,” मी म्हटलं.

“बरं झालं,” म्हणाल्या, आणि घाईनं निघाल्या. त्यांना पहाटे उठायचं होतं.