मोबाइलचा कॅमेरा आणि रक्तशर्करा : अनुमानाची मर्यादा

चरकसंहितेच्या विमानस्थानात रोगज्ञानाची आप्तोपदेश, प्रत्यक्ष व अनुमान अशी तीन साधने सांगितली आहेत. रुग्णशरीरातील रस हा इंद्रियाचा विषय असला तरी वैद्याने तो जिभेने न जाणता अनुमानाने जाणावा, अंगाकडे माश्या धावू लागल्यास शरीरात माधुर्य आहे असे समजावे, असे आचार्य तेथे सांगतात. मोबाइलच्या कॅमेऱ्याने रक्तशर्करा मोजण्याच्या साधनांचा विचार करताना आम्हांस या विवेचनाचे स्मरण होते. कारण कॅमेराही साखर पाहत नाही. तो रंग पाहतो व त्यावरून साखरेचे अनुमान करतो.

या साधनांचे दोन प्रकार आहेत व त्यांची गल्लत होता कामा नये. पहिल्या प्रकारात बोटातील रक्ताचा थेंब पट्टीवर घेतात. पट्टीवरील ग्लुकोज ऑक्सिडेज व पेरॉक्सिडेज या द्रव्यांमुळे साखरेच्या प्रमाणात रंग उमटतो आणि कॅमेरा त्याचे छायाचित्र घेतो. तत्त्व जुनेच आहे. १९६०च्या दशकात अशा पट्टीचा रंग बाटलीवरील रंगांशी नजरेने ताडून पाहत असत. आजचे बहुतेक ग्लुकोमीटर रंगाऐवजी सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजतात. रंग मोजणाऱ्या यंत्रात पट्टी बंद खोबणीत असते व प्रकाश यंत्राचा स्वतःचा असतो. मोबाइलपुढे मात्र कधी खिडकीतील ऊन, कधी पिवळा दिवा, तर कधी धरणाऱ्याच्या हाताचीच सावली असते. शिवाय चित्र सुरेख दिसावे म्हणून कॅमेरा रंग आपणहून बदलतो आणि प्रत्येक मोबाइलची रीत निराळी. हेतूच सदोष असेल तर अनुमान नव्हे, हेत्वाभास पदरी पडतो. काही साधनांत पट्टीशेजारी प्रमाण रंग छापून किंवा मोबाइलला बंदिस्त खोबण जोडून हा दोष कमी केला जातो. म्हणून हा प्रकार सरसकट त्याज्य आहे, असे आमचे म्हणणे नाही.

दुसरा प्रकार सुईविना साखर सांगण्याचा दावा करतो. कॅमेरा व दिव्यावर बोट ठेवले की पडद्यावर आकडा उमटतो. या रीतीने नाडीचे ठोके मोजता येतात, कारण प्रत्येक ठोक्याला बोटातील रक्त कमीजास्त होते. साखरेमुळे प्रकाशात होणारा बदल त्या मानाने अत्यंत क्षीण असतो. त्वचेला छेद न देता स्वतःच रक्तशर्करा मोजणाऱ्या एकाही स्मार्ट घड्याळास वा अंगठीस आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २१ फेब्रुवारी २०२४ रोजी दिला. तो घड्याळे व अंगठ्यांपुरता होता. तरी त्यामागील कारण मोबाइललाही लागू पडते.

चूक किती महाग पडते ते पाहावे. आयएसओ १५१९७ या २०१३च्या मानकानुसार साखर १०० मिलिग्रॅमहून कमी असता ९५ टक्के मापने १५ मिलिग्रॅमच्या फरकात बसावी लागतात. म्हणजे मानकात बसणारे यंत्रही ६० चे ७५ दाखवू शकते. मग प्रमाणित नसलेल्या साधनाची काय कथा? आपल्याकडील अनेक रुग्ण आधुनिक गोळ्या वा इन्सुलिन चालू ठेवून काढे-चूर्णे घेतात. अशा रुग्णास घाम सुटला, हातपाय कापू लागले आणि मोबाइलने सर्व ठीक म्हटले, तर साखर देण्याची वेळ टळते व जिवावर बेतते.

खर्चाचा युक्तिवादही तपासावा लागतो. ग्लुकोमीटर एकदा घ्यावा लागतो, पट्टी मात्र प्रत्येक वेळी. मोबाइल यंत्राचा खर्च वाचवतो, पट्टीचा नाही. पावसाळी दमट हवेत उघडी राहिलेली पट्टी तर दोन्हीकडे सारखीच फसवते.

फार्मसीचालक बंधूंना आमचे विशेष सांगणे आहे. ११ फेब्रुवारी २०२०च्या केंद्रीय अधिसूचनेने रोगनिदानासाठीचे सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणांत आणले असून ती १ एप्रिल २०२० पासून लागू आहे. तेव्हा विक्रीपूर्वी परवान्याची खात्री करावी. औषध घेण्यापूर्वीचे व नंतरचे पडद्यावरील आकडे छापून चूर्णाची जाहिरात करण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४च्या कायद्याच्या अनुसूचीत मधुमेहाचा समावेश आहे. कायद्याहून मोठी हानी शास्त्राच्या प्रतिष्ठेची होते. डळमळीत आकड्यावर उभा केलेला गुण पहिल्याच चिकित्सक प्रश्नाला कोसळतो आणि आपल्या खऱ्या अनुभवावरही अविश्वासाची छाया पडते.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीने देशातील मधुमेहींचा अंदाज १०.१ कोटी सांगितला आहे. इतक्यांपर्यंत तपासणी पोहोचवायची तर नव्या साधनांकडे पाठ फिरवून चालणार नाही. मात्र सुईविना आकडा सांगणारे साधन चिकित्सेत आणू नये. पट्टीचे साधन वापरल्यास प्रयोगशाळेच्या तपासणीशी ते वेळोवेळी ताडून पाहावे. निदान प्रयोगशाळेतच निश्चित करावे आणि लक्षणे व आकडा यांत विरोध दिसताच तत्काळ पुन्हा तपासावे. वीस प्रमेहांचा भेद दोष, दूष्य, मूत्र व लक्षणे पाहून करणाऱ्या परंपरेचे आपण वारस आहोत. त्या परंपरेतील वैद्याने एका आकड्यावर विसंबून रुग्णाकडे पाहणे सोडू नये, एवढेच आमचे आग्रहाचे निवेदन आहे.