गाण्यातला ‘तो’ कोण?

ईदला माझ्या मामेभावाने स्टेटस ठेवला. नवा कुर्ता, गॉगल आणि मागे बंदुकीच्या ठेक्यावरचं गाणं. मी हटकलं तर म्हणाला, “भाईजान, तुमच्या गझलेतही कत्लच असतो की!”

असतो. पण गझलेत कातिल म्हणजे माशूक, आणि जीव जातो तो शायराचा स्वतःचा. गालिबने असे कितीतरी शेर लिहिले. १८५७ नंतर दिल्लीत खरी कत्तल झाली, तेव्हा त्याच्या पत्रांत गेलेल्या दोस्तांचा शोक उरला.

आजच्या गन-गाण्यांत मारणारा ‘मी’ असतो आणि मरणारा कुणीतरी बिनचेहऱ्याचा ‘तो’. सिद्धू मूसेवालाच्या गाण्यांत बंदुका होत्या. २९ मे २०२२ रोजी पंजाबच्या मानसा जिल्ह्यात त्याला गोळ्या घातल्या गेल्या. वय अवघं २८. गाण्यांमुळे तो मेला, असं मी म्हणणार नाही. पण खऱ्या गोळीला रूपक कळत नाही.

दोस्तांनो, मशिदीसमोरून मिरवणूक जाताना डीजेवर धमकीची गाणी लागतात, तेव्हा त्यातला ‘तो’ आपण असतो. घरातल्या बायका खिडक्या लावून घेतात. ती भीती आपल्याला ठाऊक आहे. मग आपल्या स्टेटसमधला ‘तो’ कोण, हे एकदा स्वतःला विचारू या.