समूळ काढण्याचा अट्टहास

स्तनातील गाठ कर्करोगाची आहे असा अहवाल हाती पडला, की घरातील कर्ती मंडळी, जिच्या देहाचा प्रश्न आहे तिला एक शब्दही न विचारता, शस्त्रवैद्यापुढे एकच मागणे मांडतात: "सगळंच काढून टाका, उगाच जोखीम नको." या मागण्यात माया आहे, भीती आहे आणि शंभर वर्षांहून जुनी अशी एक वैद्यकीय समजूतही आहे. मायेबद्दल वा भीतीबद्दल मला काही म्हणावयाचे नाही. समजुतीची मात्र झडती घेतली पाहिजे.

ही समजूत अडाण्यांची नव्हे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ साली असे प्रतिपादन केले, की कर्करोग आपल्या ठाण्यातून पायरीपायरीने, आधी काखेतील ग्रंथींत व मग पुढे सरकतो. सबब स्तन, त्याखालचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी एकसंध उपटून काढल्यास त्याचा मार्गच खुंटेल. ज्या काळी स्त्रिया फुटून वाहू लागलेल्या गाठी घेऊन येत, त्या काळी ही शस्त्रक्रिया उपकारकच होती, हे पूर्वपक्षास मोकळ्या मनाने दिले पाहिजे. दोष एवढाच, की पुढे गाठी लहान असतानाच सापडू लागल्या तरी या सनदेचा फेरविचार अनेक दशके फारसा कोणी केला नाही, आणि फासळ्यांवर केवळ कातडे उरलेल्या, हात सुजून जड झालेल्या असंख्य बायका 'बऱ्या झालेल्या' म्हणून दप्तरी नोंदल्या गेल्या.

निवाडा अखेर मिलानमध्ये झाला. उंबेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात, गाठ दोन सेंटिमीटरांहून मोठी नाही अशा ७०१ स्त्रियांचे दोन गट पाडले. एका गटावर हॉल्स्टेडची शस्त्रक्रिया केली, दुसऱ्यात गाठीसह स्तनाचा चतुर्थांश व काखेतील ग्रंथी काढून उरलेल्या स्तनास किरणांचा शेक दिला. वीस वर्षांनी पाहता, स्तन राखलेल्यांपैकी ३० जणींत त्याच जागी रोग उलटला, समूळ काढलेल्यांपैकी ८ जणींत. हा फरक लपविण्याचे कारण नाही. परंतु कोणत्याही कारणाने झालेले मृत्यू स्तन राखलेल्यांत ४१.७ टक्के, तर समूळ काढलेल्यांत ४१.२ टक्के! अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या प्रयोगानेही, वीस वर्षांच्या अंती, आयुर्मानाबाबत हाच कौल दिला. कारण उघड आहे: जीव घेतात त्या हाडांत, यकृतात वा फुप्फुसांत जाऊन बसलेल्या पेशी, त्या आधीच निसटल्या असतील तर सुरी कितीही रुंद फिरविली तरी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

यावर दुसरा आक्षेप येतो: गाठ काढल्यावर मागे राहणारा खड्डेदार, एकीकडे ओढलेला स्तन राखून काय साधले? साध्या पद्धतीपुरता हा आक्षेप खरा आहे. आणि त्याचेच उत्तर म्हणून कर्करोगशस्त्र व पुनर्घटनशस्त्र यांचा संयोग झाला. स्तनाचा पाचवा हिस्सा जाईपर्यंत शेजारचीच ऊती सरकवून पोकळी भरता येते. त्याहून अधिक, अगदी निम्म्यापर्यंत जावयाचा असेल, तर स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेचा आराखडा घेऊन उरलेला भाग नव्याने बांधतात, आणि गरज पडल्यास दुसराही त्याच्या जोडीचा करतात. स्तन मुळात लहान असेल तर पाठीचा रुंद स्नायू, रक्तपुरवठा न तोडता, बगलेखालून पुढे आणतात. पोकळी भरण्याची तजवीज हाती असल्याने शस्त्रवैद्य काढताना हात आखडत नाही, हे मला यातील मर्म वाटते. सौष्ठव येथे सावधगिरीच्या आड येत नाही, उलट तिची पाठराखण करते.

ती सावधगिरी जवळून पाहण्याजोगी आहे. काढलेल्या तुकड्याची दिशा कळावी म्हणून त्याला आखूड व लांब असे निरनिराळे टाके घालतात. विकृतिशास्त्रज्ञ त्याच्या कडांना शाई फासून काप काढतो, आणि शाईला कर्कपेशी भिडलेली दिसली तर त्या बाजूचे आणखी काढावे लागते. स्तनातील मोकळ्या जागेत धातूच्या चिमुकल्या चिमट्या ठेवतात, म्हणजे ऊती इकडची तिकडे झाली तरी किरण कोठे द्यावयाचे याची खूण राहते.

"या वयात कशाला हवी ही हौस?" या प्रश्नास मी आक्षेप मानीत नाही, ती निव्वळ उद्धटपणाची गोष्ट आहे. गंभीर अडचण आहे ती किरणोपचारांची. पाच आठवड्यांचा हा क्रम आता पुष्कळ ठिकाणी तीनवर आला आहे खरा, परंतु गडचिरोलीच्या आतल्या गावातील शेतमजूर बाईने मजुरी बुडवून तीन आठवडे शहरात राहावयाचे कोणाच्या जिवावर? शेक पुरा होणारच नसेल, तर स्तन राखणे हे धाडस होय. तसेच रोग स्तनभर विखुरला असेल, त्वचाच दाहाने लाल झाली असेल, किंवा पूर्वी त्याच जागी किरण दिलेले असतील, तेथे स्तन काढणे बहुधा प्राप्तच असते. परंतु गाठ केवळ मोठी आहे म्हणून निराश होऊ नये. आधी औषधे देऊन ती लहान करता येते, आणि मग पुष्कळदा स्तन राखता येतो.

तेव्हा संमतिपत्र पुढे आले, की सही करण्याआधी बाईने स्वतः, दिराने वा मुलाने नव्हे, डॉक्टरांना विचारावे: "माझा स्तन राखता येईल का? येत नसेल, तर कोणत्या कारणाने?" आणि ते कारण कागदावर लिहून मागावे.